डोळ्याची इजा, मोतीबिंदू आणि परत मिळणारी दृष्टी



मोतीबिंदू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वयस्क माणूस उभा राहतो. वाढत्या वयात होणाऱ्या मोतीबिंदूविषयी गावोगावी शिबिरे झाली, माहिती पोहोचली आणि शस्त्रक्रियेची भीतीही बरीच ओसरली. परंतु मोतीबिंदूचा आणखी एक प्रकार आहे, जो वय पाहत नाही. डोळ्याला मार लागल्यानंतर काही तासांत, काही महिन्यांत किंवा काही वर्षांनीही तो उद्भवतो. तो प्रायः होतो तो कमावत्या तरुणास किंवा खेळत्या मुलास. त्याविषयी समाजात दोन टोकांच्या समजुती आढळतात. काही म्हणतात, "डोळा गेला, आता उपाय नाही." काही म्हणतात, "भिंग बसवले की पहिल्यासारखे दिसेल." या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान होते. पहिलीमुळे उपचारास उशीर होतो. दुसरीमुळे शस्त्रक्रियेनंतर निराशा पदरी येते आणि पुढील तपासण्या सुटतात. म्हणून या विषयाची साद्यंत माहिती येथे देत आहोत.

आपल्या परिसरात इजा कशी होते?

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके कष्टकऱ्यांचे. माडावरून कोसळणारे चुडत, नारळ सोलताना उडालेला सोडणाचा तुकडा, काजूच्या बागेत चेहऱ्यावर आपटलेली वाळकी फांदी, भातकापणीच्या वेळी डोळ्यात शिरलेले पाते, चिरेखाणीत उडालेली जांभ्या दगडाची कपची अशी कारणे आपल्या नित्याच्या कामांतच दडलेली असतात. छिन्नीवर हातोड्याचा घाव घालताना किंवा ग्राइंडर चालवताना पोलादाचा सूक्ष्म कण प्रचंड वेगाने उडतो. तो डोळ्यात शिरताना कधी कधी केवळ टोचल्यासारखे वाटते आणि माणूस काम पुढे चालू ठेवतो.

सणासुदीचे दिवसही यास अपवाद नाहीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळताना, चतुर्थीत आरतीच्या वेळी फटाके वाजवताना डोळ्यांना इजा होऊ शकते. मुलांच्या बाबतीत विटी-दांडू, माडाच्या हिरांचे धनुष्यबाण, चेंडू आणि पानाच्या चुन्याची फुटलेली पुडी ही नेहमीची कारणे होत.

इजेने मोतीबिंदू का होतो?

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. त्याचा व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर व जाडी सुमारे ४ मिलिमीटर असते. त्याभोवती अत्यंत पातळ वेष्टन असते आणि सूक्ष्म तंतूंनी ते जागेवर टांगलेले असते. या भिंगास रक्तपुरवठा नसतो. आतील प्रथिनांची रचना आणि पाण्याचे प्रमाण जोवर नीट राहते, तोवर भिंग स्वच्छ राहते. वेष्टनास धक्का बसला की हा तोल बिघडतो आणि भिंग धुरकट होते.

मुका मार बसल्यास, म्हणजे चेंडू, विटी किंवा मुठीचा प्रहार झाल्यास, डोळा क्षणभर दबतो आणि आडवा ताणला जातो. वेष्टन फाटले नाही तरी भिंगात फुलाच्या पाकळ्यांसारखी धूसर आकृती उमटते. हा मोतीबिंदू हळूहळू वाढू शकतो. याउलट टोकदार वस्तूने वेष्टन भेदले तर डोळ्यातील द्रव भिंगात शिरतो व ते काही तासांत किंवा दिवसांत पांढरेशुभ्र होते. लोखंडाचा कण डोळ्यात राहून गेल्यास तो गंजतो. त्या गंजाने भिंगाबरोबर मागील पडद्यासही विषबाधा होते. तीव्र विजेचा झटका, वीज कोसळणे आणि चुन्यासारखे दाहक पदार्थ यांमुळेही मोतीबिंदू होऊ शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वयोमानाच्या मोतीबिंदूत बिघाड प्रामुख्याने भिंगातच असतो. डोळ्याचे इतर भाग बहुधा शाबूत असतात. इजेच्या मोतीबिंदूत ज्या प्रहाराने भिंग बिघडले, त्याच प्रहाराने पुढील पारदर्शक पारपटल, मागील दृष्टिपटल अथवा दृष्टीचा मज्जातंतूही दुखावलेला असू शकतो. म्हणूनच दोन रुग्णांवर एकसारखी शस्त्रक्रिया होऊनही एकास स्वच्छ दिसते आणि दुसऱ्यास अंधुकच दिसते.

पहिल्या काही तासांत काय करावे?

१. डोळा चोळू नये, दाबू नये. डोळा फाटलेला असल्यास दाबाने आतील भाग बाहेर येतात.

२. रुतलेली वस्तू घरी काढू नये. कागदी पेला किंवा तत्सम कडक आच्छादन डोळ्यास स्पर्श न करता त्यावर ठेवून ते चिकटपट्टीने बसवावे. कापसाचा घट्ट बोळा बांधू नये.

३. चुना, आम्ल, काजूच्या टरफलाचे तेल असे काही डोळ्यात गेले असल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटे डोळा धुवावा व नंतर रुग्णालय गाठावे. धुण्याचा हा नियम दाहक पदार्थांसाठी आहे. छेद गेलेल्या डोळ्यासाठी नाही.

४. तूप, मध, दूध, झाडपाल्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. पाने, भात, सोडण यांनी झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि अशा डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब पडले तर तो झपाट्याने वाढतो.

५. बुबुळासमोर रक्त साकळलेले दिसल्यास डोके उंच ठेवून प्रवास करावा.

६. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने डॉक्टर सांगेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारून घ्यावे.

फाटलेला डोळा शक्यतो २४ तासांच्या आत शिवला जावा, असा नेत्रवैद्यकाचा सर्वमान्य संकेत आहे. उशीर होत जातो तसा आत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. "सकाळी पाहू" या दोन शब्दांनी जितकी दृष्टी गमावली जाते, तितकी कदाचित मूळ इजेनेही जात नसेल. पेडणे आणि डिचोली येथील सामाजिक आरोग्य केंद्रांत प्राथमिक उपचार मिळू शकतात. पुढील उपचारांसाठी म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. इ. स. १८४२ मध्ये पणजी येथे पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणारी ही संस्था आज सावंतवाडी-दोडामार्गच्या रुग्णांचाही आधार आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

तपासणीतून काय कळते?

भिंग पांढरे झाले की डॉक्टरांना मागचे दिसत नाही. जसे रुग्णास बाहेरचे दिसत नाही, तसेच वैद्यास आतले. म्हणून ते अप्रत्यक्ष खुणा शोधतात. अंधाऱ्या खोलीत वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून तो कोठून येतो हे रुग्णास विचारतात. बाहुली प्रकाशास कसा प्रतिसाद देते हे पाहतात. त्यावरून मज्जातंतूची स्थिती कळते. डोळ्याची सोनोग्राफी करून मागील पडदा सुटला आहे का हे तपासतात. धातूचा कण आत असल्याची शंका असेल तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात. अशा वेळी एमआरआय करीत नाहीत, कारण चुंबकाने लोखंडाचा कण आतल्या आत हलू शकतो. तेव्हा "काम करताना काही उडाले होते का?" या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे व तपशीलवार द्यावे.

इजेनंतरच्या पहिल्या तपासणीत किती दिसत होते, याची नोंद फार मोलाची असते. फेरेंक कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक इजांचा अभ्यास करून २००२ साली 'ऑक्युलर ट्रॉमा स्कोअर' ही गुणपद्धती मांडली. तीत सुरुवातीच्या दृष्टीला सर्वाधिक महत्त्व आहे. डोळा फाटणे, आत संसर्ग होणे, वस्तू आरपार जाणे, पडदा सुटणे आणि बाहुलीचा प्रतिसाद मंदावणे या प्रत्येकासाठी त्यातून गुण वजा होतात. या बेरजेवरून दृष्टी कितपत परतेल याचा अंदाज बांधता येतो. पहिले कागद जपून ठेवावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो, ते याचसाठी.

शस्त्रक्रिया एकदा की दोनदा?

पुष्कळदा दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जखम शिवून डोळा बंदिस्त केला जातो. सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी, मोतीबिंदू काढला जातो. यामुळे डोळ्याचे मोजमाप नीट घेता येते आणि भिंगाचा नंबर अचूक ठरतो. मात्र वेष्टन फुटून भिंगाचा गर पुढे सांडला असेल, डोळ्यातील दाब वाढत असेल किंवा दाह होत असेल तर दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. कृत्रिम भिंग ठेवण्याची उत्तम जागा म्हणजे मूळ वेष्टनाची पिशवी. ती फाटली असेल किंवा तिचे तंतू तुटले असतील तर भिंग पिशवीसमोर ठेवतात किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागास अथवा परितारिकेस अडकवतात. काही वेळा भिंग त्याच दिवशी बसवत नाहीत. त्यात वैद्याची हयगय नसते. डोळा शांत होण्याची वाट पाहणेच त्या वेळी श्रेयस्कर असते.

कृत्रिम भिंगाचा जन्म

मोतीबिंदूवर शलाकेने उपचार करण्याची कृती सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेली आहे. पुढे शतकानुशतके धूसर भिंग मागे ढकलण्याचीच रीत जगभर होती. १७४७ साली फ्रेंच शल्यवैद्य झाक दाव्हिएल यांनी भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. पण काढलेल्या भिंगाच्या जागी काय घालायचे, याचे उत्तर मिळाले ते दुखावलेल्या डोळ्यांतूनच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छत्राचे प्लॅस्टिकचे तुकडे घुसले. हे तुकडे डोळ्यात राहूनही दाह करीत नाहीत, हे डॉ. हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले. त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग करून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते प्रथम बसवले. आज जगभर कोट्यवधी वृद्धांना लाभलेली दृष्टी ही त्या जखमी तरुणांची देणगी आहे. भारतात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी निगडित ऑरोलॅब या संस्थेने १९९२ पासून अशी भिंगे अल्प दरात तयार केली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

दृष्टी किती आणि केव्हा परतते?

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघते तेव्हा उजेड अधिक वाटतो, रंग उठावदार दिसतात, पण आकार पुसट असू शकतात. इजा झालेल्या डोळ्यात सूज अधिक असल्याने ही पुसटता वयोमानाच्या मोतीबिंदूपेक्षा जास्त दिवस टिकते. औषधाचे थेंब साधारणपणे ४ ते ६ आठवडे, प्रमाण हळूहळू कमी करीत घालावे लागतात. चष्म्याचा नंबर त्यानंतरच स्थिर होतो. पारपटलावर टाके असतील तर त्यांच्या ताणामुळे नंबर तिरपा येतो. टाके सुमारे तीन महिन्यांनी काढल्यावर तो पुन्हा बदलतो. म्हणून घाईने महागडा चष्मा करू नये.

नैसर्गिक भिंग जवळ-दूर पाहताना आपला आकार बदलते. साधे कृत्रिम भिंग तसे करीत नाही. त्यामुळे वीस वर्षांच्या तरुणासही वाचण्यासाठी चष्मा लागतो. हे शस्त्रक्रियेचे अपयश मानू नये.

अंतिम दृष्टी प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते. पारपटलावरील व्रण दृष्टीच्या मध्यरेषेवर आहे की कडेला, मागील पडद्याचा मध्यबिंदू शाबूत आहे की नाही आणि मज्जातंतू कार्यक्षम आहे की नाही. या तिन्ही बाबी अनुकूल असतील तर उत्तम दृष्टी मिळू शकते. त्यांपैकी एखादी प्रतिकूल असल्यास चालण्या-फिरण्यापुरती दृष्टी मिळते, आणि तीही कमी मोलाची नसते. अशी दृष्टी मिळाली की बाजूने येणारे वाहन कळते आणि पायरीचा अंदाज येतो.

काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर "मोतीबिंदू परत आला" असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात मागे ठेवलेल्या वेष्टनावर साय धरलेली असते. तरुणांत व मुलांत ती लवकर धरते. यॅग लेसरने काही मिनिटांत, टाके न घालता, ती दूर होते.

लहान मुलांचे वेगळे

मुलांची दृष्टी जन्मतः पूर्ण नसते. डोळा पाठवतो ते चित्र वाचण्यास मेंदू साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत शिकत असतो. या काळात एका डोळ्यापुढे मोतीबिंदूचा पडदा राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यास 'आळशी डोळा' म्हणतात. अशा मुलाचे भिंग उत्तम बसवले तरी काम अर्धेच झालेले असते. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, असा उपक्रम महिनोन् महिने चालवावा लागतो. मूल रडते, पट्टी ओढते, शाळेत चिडवतात म्हणून आई-वडिलांचे मन द्रवते. आजी-आजोबांनी, शिक्षकांनी या वेळी घरच्यांच्या पाठीशी उभे राहावे. दृष्टी परत आणण्यात शल्यवैद्याइतकाच वाटा त्या पट्टीचाही आहे.

दुसऱ्या डोळ्याची काळजी

क्वचित प्रसंगी जखमी डोळ्यामुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकीच्या दिशेने जागी होते आणि धडधाकट डोळ्यावरही दाह उत्पन्न होतो. अंधांच्या लिपीचे जनक लुई ब्रेल यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८१२ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी, वडिलांच्या खोगिराच्या कार्यशाळेत आरीने त्यांचा एक डोळा जखमी झाला. आजार दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत ते पूर्ण अंध झाले. आज वेळेवर जखम शिवणे आणि प्रभावी औषधे यांमुळे असा प्रसंग दुर्मिळ आहे. तरीही इजेनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनीही चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी दाखवावे.

धीराची दोन उदाहरणे

१ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये होव्ह येथे मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात काच घुसली. त्या काळी डोळ्यात भिंग बसवणे सार्वत्रिक झाले नव्हते. उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारतातर्फे कसोटी खेळले आणि मार्च १९६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कर्णधार झाले. उरलेल्या दृष्टीशी त्यांनी आपली फलंदाजी जुळवून घेतली.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मातीतले. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटातील बैलाशी झुंजीच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली व काही काळ दृष्टी हिरावली गेली. ती परतल्यावर त्यांनी १९५९ साली 'नवरंग' हा रंगांनी ओथंबलेला चित्रपट काढला. दोघांच्या इजा वेगळ्या आणि फळही वेगळे. एकाची दृष्टी परतली, दुसऱ्याची फारशी परतली नाही. पण दोघांचेही जीवन थांबले नाही.

आयुष्यभराची जागरूकता व आमची विनंती

मुक्या माराने डोळ्यातील द्रवाचा निचरा करणारा कोन दुखावला असेल तर दहा-वीस वर्षांनीही काचबिंदू उद्भवू शकतो. तो दुखत नाही. गुपचूप दृष्टी चोरतो. म्हणून अशा व्यक्तीने दरवर्षी डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. डोळ्यापुढे अकस्मात काळे ठिपके वाढणे, विजेसारख्या चमका दिसणे किंवा कडेने पडदा उतरल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटल्याची चिन्हे असू शकतात. शस्त्रक्रियेनंतर वेदना, लाली वाढणे व दृष्टी घटणे ही संसर्गाची चिन्हे होत. यांपैकी काहीही जाणवल्यास पुढील तारखेची वाट पाहू नये.

खर्चाच्या चिंतेने कोणी घरी बसू नये. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. आपले कार्ड वेळीच नूतनीकरण करून घ्यावे व योजनेत काय बसते याची रुग्णालयात चौकशी करावी.

सर्वांत मोठा उपाय मात्र इजेपूर्वीचा आहे. ग्राइंडर, छिन्नी, चिरे फोडणे, झाडे साफ करणे या कामांत संरक्षक चष्मा वापरावा. कामगार ठेवणाऱ्याने तो पुरवावा. फटाक्यावर वाकू नये, न पेटलेला फटाका पुन्हा पेटवू नये. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दृष्टी परत मिळणे हे शल्यवैद्याचे कौशल्य, रुग्णाची चिकाटी आणि घरच्यांची साथ यांचे एकत्रित फळ आहे. त्यातील पहिले पाऊल, म्हणजे वेळेवर निघणे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. ही माहिती ज्यांच्या घरी संगणक नाही अशा शेजाऱ्यांपर्यंतही पोहोचवावी, ही नम्र विनंती. आपणां सर्वांची दृष्टी निरामय राहो, हीच प्रार्थना.